वाणाचे टॅग : खोडरबरी शिक्क्यांच्या नोंदी

३० नोव्हेंबर

काम ठरलं. मैत्रीण घरी तिळगूळ आणि शेंगदाणा चटणी करून विकते. संक्रांतीला तिची पाकिटं पुण्या-मुंबईपर्यंत जातात. गेल्या वर्षी तिने छापखान्यातून चकचकीत टॅग करून घेतले होते, ते तिच्या मनातून उतरले. "लग्नपत्रिकेतून कापून काढल्यासारखे दिसत होते," म्हणाली. यंदा हाताने छापलेले हवेत. २५० नग, एकाला पाच रुपये, ७ जानेवारीपर्यंत हातात. शिवाय माझ्या घरच्या हळदीकुंकवाच्या वाणासाठी साठेक लागतील ते वेगळे.

माप धरलं ५ बाय ९ सेंटिमीटर. ए-फोरच्या एका शीटमधून बारा बसतात, आडवे चार आणि उभे तीन. ३१० टॅगांना २६ शीट. वाया जाणार हे गृहीत धरून ३० आणायचे.

चित्रांची यादी केली : सुगड, उसाचं कांडं, हलव्याचे दाणे, आणि सोलापूरचं म्हणून नंदीध्वज, सिद्धेश्वराच्या यात्रेतली उंच मानाची काठी. यादी सासूबाईंनी वाचली आणि नंदीध्वजावर बोट ठेवलं. "पाकीट फोडल्यावर हा टॅग कुठं जाणार? केरात. सिद्धेश्वराचा नंदीध्वज केरात घालणार काय?" वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतं. नंदीध्वज कटाप.

२ डिसेंबर

नवी पेठेत कागदासाठी तीन दुकानं फिरले. जो तो आयव्हरी बोर्ड पुढे करतो, कारण तो गुळगुळीत आणि दिसायला श्रीमंत. पण त्याच्या अंगावर लेप असतो. पाण्यातली शाई त्या लेपावर बसून राहते, आत मुरत नाही, आणि दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते. ओळखायची सोपी रीत : कोपऱ्यावर ओलं बोट टेकवायचं. डाग लगेच गडद झाला तर कागद पाणी पितो, थेंब तसाच राहिला तर लेप आहे. दुकानदाराला हे फारसं आवडलं नाही. तरी शेवटी त्याच्याकडेच मागच्या फळीवर २५० जीएसएमचा सायीच्या रंगाचा, बिनलेपाचा कार्डशीट निघाला. आठ रुपयाला एक, तीस घेतले. मोठी पांढरी खोडरबरं सहा, कटरची पाती, काळं आणि लाल स्टॅम्प पॅड.

४ डिसेंबर

पहिला शिक्का कोरला आणि पहिलीच फजिती.

'तिळगूळ' हा शब्द उलटा कोरायचा एवढं माहीत होतं. फाजील आत्मविश्वास असा की अक्षरं हातानेच उलटी काढली, उजवीकडून डावीकडे. प्रत्येक अक्षर आरशात असावं तसं नीट. तास-दीड तास कोरलं. छाप उठवला आणि वाचला : तळिगूळ.

झालं असं की पहिली वेलांटी. लिहिताना आपण ती अक्षराच्या आधी, म्हणजे डावीकडे काढतो. उलट्या लिखाणात ती 'त'च्या उजवीकडे जायला हवी. मी अक्षरं उलटी केली, वेलांटीचा आकारही उलटा केला, पण हाताच्या सवयीने तिला 'त'च्या डावीकडेच उभं केलं. छापताना बाजू पालटली आणि वेलांटी जाऊन 'ळ'च्या गळ्यात पडली. मोठ्या पुतण्याने ते वाचून धाकट्याला विचारलं, "तळिगूळ म्हणजे काय बे?" आता घरात तिळगुळाला तेच नाव पडलंय.

पुन्हा कोरला, या वेळी शहाण्यासारखा. बटर पेपरवर सहा-बी पेन्सिलीने शब्द सुलटा लिहायचा, कागद पालथा करून खोडरबरवर ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने घासायचं. शिसं खोडरबरवर उतरतं आणि आपोआप उलटं उतरतं. डोकं चालवायचं कामच नाही.

पात्याबद्दल एक लिहून ठेवते, पुढच्या वर्षी विसरेन. रेघेच्या कडेला पातं सरळ उभं धरायचं नाही आणि रेघेच्या पोटात तर मुळीच शिरू द्यायचं नाही. बाहेरच्या बाजूला उतार यायला हवा. रेघ वर बारीक, खाली जाड, बांधासारखी. पहिल्या शिक्क्यात 'ग'चा कान्यासारखा दांडा खालून पोखरला गेला होता, दाब पडला की तो आडवा लोळायचा. आणि वळणावर पातं फिरवायचं नाही, खोडरबर फिरवायचं.

७ डिसेंबर

दिवसभर शाई. चार प्रकार, एकच शिक्का (सुगडाचा), एकच कागद.

ऑफिसच्या काळ्या पॅडने सुरुवात केली. छाप उठला तो जाडजूड, सुगडावरच्या तिन्ही रेघा एकत्र आलेल्या आणि कडेला शाईची झालर. मला वाटलं कागद शाई पसरवतोय. पण तोच शिक्का पॅडवर न टेकवता लगोलग दुसऱ्यांदा उठवला तर लख्ख छाप आला. म्हणजे शाईच जास्त होत होती. नवं पॅड तुडुंब भरलेलं, त्यात मी शिक्का दाबत होते. खोडरबर मऊ, पॅडही मऊ, मग शाई रेघांच्या मधल्या खाचांतही उतरते. आता शिक्का तोंड वर करून हातात धरते आणि पॅड उलटं करून त्यावर हलकेच टिपते, कुंकू लावताना बोट टेकवतो तितकंच. रेघांच्या माथ्यावर शाई, खाचा कोरड्या.

घरातला अ‍ॅक्रिलिक रंग पाहिला. रंग झकास दिसतो, पण डिसेंबरातली सोलापूरची हवा इतकी कोरडी की दहाव्या छापापर्यंत शिक्क्यावरच त्याची साल धरते. टाचणीने खाचा कोरत बसावं लागलं. बाद.

पोस्टर कलर नुसता वापरला तर वाळल्यावर बोटाला पावडर लागते. त्यात थोडं ग्लिसरीन घातल्यावर पॅडवर ओला राहिला, पण मग कागदावरही ओलाच राहिला. संध्याकाळी त्यावर हात लागून एक शीट गेलं. स्टॅम्प पॅडच्या शाईतही ग्लिसरीन असतंच, पॅड महिनोनमहिने वाळत नाही ते त्यामुळे. पण त्याचं प्रमाण ठरवणारा कुणी जाणता असतो, आणि मी चहाच्या चमच्याने ओतणारी.

लाल पॅड ठीक. रंग कुंकवाचा नाही, पोस्टाच्या पेटीचा आहे, तरी चालेल.

शेवटी दोन रंग : सुगड आणि अक्षरं काळी, हलव्याचे दाणे लाल. एरवी शुभकार्याला काळ्या शाईवर घरात प्रश्न आले असते. संक्रांतीला काळं चालतं, नव्हे, तेच शोभतं.

८ डिसेंबर

काळ्या कार्डावर पांढरे ठिपके, चंद्रकळेवरच्या खडीसारखे, करून पाहिले. पांढरा रंग एका हातात झाकत नाही, दोन हात दिले तर ठिपके जागेवर बसत नाहीत. पाच टॅग झाले. सासूबाईंनी पाचही ठेवून घेतले.

१३ डिसेंबर

आज आप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पहिल्यांदा तोंड उघडलं. आठवडाभर ते आरामखुर्चीतून बघत होते. मी वीसेक टॅग ओळीने मांडले होते. सुगड कुठे मधोमध, कुठे डावीकडे कललेलं. मीच म्हणाले, "हाताने केलेलं आहे ना आप्पा, थोडं वाकडं यायचंच. त्यातच गंमत आहे."

"हातानं केलंय म्हणून वाकडं?" आप्पा म्हणाले. "आम्ही काय पायानं करत होतो?"

आप्पांनी उमेदीची सगळी वर्षं चादरीच्या कारखान्यात कार्ड पंचिंग केलं. त्यांचे वडील जुन्या मिलमध्ये होते, १८७७ सालची ती. सोलापुरी चादरीवरचं फूल, मोर, किनार हे सगळं विणताना उठतं, छापलेलं नसतं. मागाच्या डोक्यावर जकार्ड बसवलेलं असतं. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये लिऑं शहरात जोसेफ मारी जकार्डने ते बसवलं. त्यात पुठ्ठ्याच्या कार्डांची साखळी फिरते. आडव्या दोऱ्याच्या एका फेकीला एक कार्ड. कार्डात भोक असलं की तिथला उभा दोरा उचलला जातो, नसलं की खाली राहतो. चौकटीच्या कागदावर नक्षी काढलेली असायची, आप्पा एकेक ओळ वाचत आणि एकेक कार्ड पंच करत. शेकडो कार्डं मिळून एक नक्षी.

"एक भोक चुकलं," ते म्हणाले, "तर एका चादरीत चुकत नाही. साखळी फिरून आली की पुन्हा तेच. हजार चादरी काढा, हजारही चादरींत त्याच जागी तीच चूक. विणणारा वाकड्या हाताचा नसतो, कार्डवाला असतो."

मी माझा तिळगुळाचा शिक्का उचलून पाहिला. 'ळ'च्या पोटात एक चिरा होता, कोरताना पातं घसरलेलं. वीसही टॅगांवर तो पांढरा केसासारखा दिसत होता. तोवर मला वाटत होतं की तो कागदाचा दोष.

मग आप्पा उठले आणि माळ्यावरून एक गठ्ठा खाली काढायला लावला. सुतळीने बांधलेली जुनी कार्डं, हातभराच्या जवळ लांब, तीन-चार बोटं रुंद, मळकट तपकिरी, आणि त्यांत बारीक भोकांच्या रांगा. सगळी चुकलेली. चुकीचं कार्ड ते कारखान्यात ठेवत नसत, कुणी चुकून साखळीत ओवेल म्हणून. घरी आणायचे. मी या घरात आल्याला अकरा वर्षं झाली, त्या गठ्ठ्यावर दिवाळीच्या माळांचं खोकं ठेवत आले.

"पुठ्ठा चांगला आहे," ते म्हणाले. "आता कुणाला लागतो? सगळं इलेक्ट्रॉनिक झालं."

१४ डिसेंबर

जकार्ड कार्डांवर प्रयोग. पुठ्ठा जुना, घट्ट दाबलेला, शाई छान पितो. पण त्यावर मागाचा कापूस आणि तेलकट धूळ बसलेली. ओल्या फडक्याने पुसलं तर पुठ्ठा फुगतो. कोरड्या ब्रशने झाडून वरून खोडरबरच फिरवलं (कोरल्यावर उरलेले तुकडे कामी आले), मग ठीक.

भोकं जिथे दाट आहेत तिथे चित्र छापलं की सुगड चाळणीसारखं दिसतं आणि भोकांतून शाई खाली पाटावर उतरते. म्हणून कार्डाचा बिनभोकाचा किंवा विरळ भोकांचा तुकडा शोधून तिथे छाप, आणि दाट भोकांचा भाग टॅगच्या खालच्या अंगाला किनारीसारखा. कडेला साखळी ओवायची भोकं तयारच असतात. दोरा ओवायला पंच मारावा लागत नाही. काहींवर आप्पांच्या हातचे क्रमांकही आहेत, निळ्या पेन्सिलीने. तो भाग मुद्दाम राखला.

चाळीस झाले. हे विकायचे नाहीत, घरच्या वाणाला. मैत्रिणीला पाठवलेल्या फोटोत हे दिसले आणि तिला आता हेच हवेत. नाही म्हणून सांगितलं.

१८ डिसेंबर

आमच्या गल्लीत निम्मी घरं तेलुगू. मैत्रिणीची गिऱ्हाइकंही तशीच, म्हणून पन्नास टॅग तेलुगूत मागितलेत. शेजारच्या अक्कांना विचारलं. त्यांनी हातातलं विड्यांचं सूप बाजूला ठेवून बटर पेपरवर गोल गोल अक्षरांत लिहून दिलं, 'संक्रांति शुभाकांक्षलु.' मला त्यातलं एक अक्षर येत नाही.

वाटलं होतं अवघड जाईल, पण तेलुगू कोरायला मराठीपेक्षा सोपं. शिरोरेषा नाही. आपल्या शिरोरेषेत पातं तसूभर हललं तरी अख्खा शब्द कुबडा दिसतो. तेलुगूत सगळी वळणं, खोडरबर गोल फिरवत राहायचं. अनुस्वार डोक्यावरचा ठिपका नसून शेजारी अख्खं शून्य असतं, तीन वेळा आलं. ते तर पेनच्या टोपणाने कोरता येईल इतकं सरळ.

पहिला छाप घेऊन अभिमानाने अक्कांकडे गेले. त्यांनी डोळे बारीक केले. "हे 'स'च्या डोक्यावरचं कुठं गेलं?"

झालं होतं असं की पहिल्याच अक्षराच्या माथ्यावर बरोबरच्या खुणेसारखी एक छोटी तिरपी रेघ होती. मला वाटलं अक्कांचं पेन घसरलं. स्वच्छ करायच्या नादात मी ती तासून टाकली. तिला तलकट्टु म्हणतात, ती त्या अक्षराचाच भाग. "आता हे सपाट डोक्याचं झालं की गं," त्या म्हणाल्या आणि जाम हसल्या.

तासलेलं खोडरबर परत वर येत नाही. दोन तास गेले. दुसऱ्यांदा कोरताना अक्कांच्या कागदावरचा ठिपकासुद्धा हलवला नाही, त्यांच्या हाताची कंपनंही कोरली. नंतर कळलं की एक ठिपका खरोखरच शाईचा डाग होता. तो पन्नास टॅगांवर जाणार.

२० डिसेंबर

कन्नडचे वीस. अक्कलकोटच्या मावशींनी फोटो पाठवला. पूर्ण म्हण 'एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि' मावणार नाही, म्हणून पहिले दोनच शब्द, एळ्ळु बेल्ल, तीळ आणि गूळ. कोरायच्या आधी फोनवर एकेक रेघ विचारून घेतली. एका फटक्यात जमला.

२६ डिसेंबर

मैत्रिणीने नमुन्याला नेलेले चार टॅग परत आणून दाखवले. दोन चटणीच्या पाकिटात आत सरकवले होते, दोन बाहेर बांधले होते. बाहेरचे ठणठणीत. आतले बघवेनात.

सोलापूरची शेंगदाणा चटणी उखळात कुटलेली असते आणि कुटता कुटता दाण्याचं तेल सुटतं. चांगल्या चटणीची ती खूणच. ते तेल टॅगमध्ये चढलं. गंमत म्हणजे शाई जराही पसरली नव्हती, पाण्यातली शाई तेलाला बधत नाही. पण कागद पारदर्शक झाला. कागदाच्या धाग्यांमध्ये हवा असते म्हणून तो पांढरा दिसतो. त्या जागेत तेल भरलं की उजेड आरपार जातो. मागच्या बाजूला तिने पेनने लिहिलेली किंमत पुढच्या सुगडावर उलटी उमटली होती.

मेण घासावं का, असं तिने विचारलं. पण छापायच्या आधी मेण घासलं तर शाई धरणार नाही, आणि नंतर घासलं तर काळं पुसटतं. टॅग बाहेर बांधायचा, दोरा दोन बोटं लांब ठेवायचा, संपलं.

२९ डिसेंबर

मोठा फटका. शिक्के गेले.

तयार झालेले शिक्के मी जुन्या सीडीच्या पारदर्शक डब्यांत ठेवत होते. चपटे, झाकण बंद होतं, आतलं दिसतं, एकदम सोयीचं. आज छपाई सुरू करायची म्हणून उघडले तर तीन डब्यांत शिक्के तळाला चिकटलेले. ओढल्यावर सुगडाचं तोंड डब्यातच राहिलं. डब्याचं प्लॅस्टिक तिथे विरघळून खळगा पडलेला, आणि शिक्क्याच्या रेघा गुळाच्या पाकासारख्या तार धरून निघाल्या.

शाळेत कंपासपेटीत खोडरबर आणि प्लॅस्टिकची पट्टी एकत्र राहिली की पट्टीवर खड्डा पडायचा, तोच प्रकार. ही पांढरी खोडरबरं रबराची नसतातच, पीव्हीसीची असतात. पीव्हीसी मुळात कडक, त्याला मऊ करायला एक तेलकट द्रव्य घालतात. ते हळूहळू बाहेर झिरपतं आणि सीडीच्या डब्याचं पॉलिस्टायरीन त्यात विरघळतं. तीन आठवडे पुरले. नवीन खोडरबर कागदी वेष्टनात का येतं ते आज कळलं.

वाचलेले : तेलुगू, कन्नड आणि हलव्याचे दाणे. ते वर्तमानपत्रात गुंडाळले होते, डबे संपले म्हणून.

सुगड आणि 'तिळगूळ घ्या, गोड बोला' आज रात्री पुन्हा कोरायचे. पानात भाकरी तशीच राहिली, कडक भाकरी असल्यामुळे तिचं काही बिघडलं नाही. पहाटे दीडला संपलं. नवीन 'ळ'च्या पोटात चिरा नाही. अपघाताने का होईना, ती चूक १८० वेळा छापायची वाचली.

१ जानेवारी

छपाई. आप्पांनी सकाळी साचा करून दिला : लाकडी पाटावर जकार्ड कार्डाच्या दोन पट्ट्या काटकोनात चिकटवल्या. टॅग त्या कोपऱ्यात सरकवायचा. शिक्क्यासाठी वरून कार्डाचीच एक चौकट, बिजागरीसारखी कापडी पट्टीने जोडलेली. चौकट खाली पाडा, तिच्या खिडकीत शिक्का बसवा, दाबा, उचला. लाल दाण्यांसाठी दुसरी चौकट. आता सुगड आणि त्याच्या तोंडाशी सांडलेले लाल दाणे दरवेळी त्याच जागी पडतात.

खाली काय घालायचं यावर थोडं भांडण झालं. मी चादरीची घडी घातली होती, मऊ हवं म्हणून. त्याने खाचांमधले उंचवटेही कागदाला टेकायला लागले आणि सुगडाभोवती माश्या बसल्यासारखे ठिपके. लाकडी ठशाला खाली मऊ लागतं, कारण लाकूड स्वतः दबत नाही. खोडरबर आधीच मऊ, त्याला खाली कडक हवं. चादर काढली, वर्तमानपत्राची एक घडी ठेवली, लख्ख.

तळवा सरळ वरून टेकवायचा, शिक्का डोलवायचा नाही. बँकेत शिक्का मारतात तसं 'धाड' करून मारलं की रेघ दुहेरी येते.

आज १३० झाले. बाद ९.

४ जानेवारी

उरलेले काल झाले. आज दोरे. मागावरून उरलेलं रंगीत सूत गल्लीतल्या कारखान्यातून पिशवीभर फुकट मिळालं, लाल आणि हिरवं. मी एक टॅग बांधायला अर्धं मिनिट घेत होते. अक्का दुपारी येऊन बसल्या. तेंदूच्या पानाची विडी वळून तिला दोरा गुंडाळायचा, आयुष्यभराचा सराव. त्या बोटांना टॅग म्हणजे काय? दोरा भोकातून गेला, फिरला आणि गाठ बसली, मला मधलं काही दिसलंच नाही. "हळू करून दाखवा की," म्हटलं. हळू करायला गेल्या तर त्यांनाच जमेना. पुन्हा पहिल्यासारखं भराभर करू लागल्या, तेव्हा जमलं.

पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे त्यांनीच लावले, विड्यांच्या बंडलासारखे. पैसे घेतले नाहीत. तेलुगूतले दहा टॅग नेले, ठिपक्यासकट.

७ जानेवारी

माल दिला. मराठी १८०, तेलुगू ५०, कन्नड २०.

खर्च : कागद २४०, खोडरबर १२०, दोन पॅड १२०, ग्लिसरीन ३०, पाती ४०. एकूण ५५०. मिळाले १२५०. उरले ७००. वहीत लिहिलेले तास ३१, म्हणजे तासाला साडेबावीस रुपये. यात दोनदा कोरलेले शिक्के आहेत, तळिगूळ आहे, शाईचा रविवार आहे. ते वगळले तरी दर काही फार सुधारत नाही. पुढच्या वर्षी आठ रुपये सांगणार. मैत्रीण तोंड वाकडं करेल, तिच्या चटणीचा भाव मी विचारणार नाही म्हटलं तर करणारही नाही.

१२ जानेवारी

वाणाच्या वाट्या आणायला बाजारात गेले. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार पडले होते. १९३१ साली याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. रिक्षा तिथे थांबलीच. येताना कुंभाराकडून सुगडं घेतली. माझ्या शिक्क्यातलं सुगड फार सडपातळ आहे, खरं सुगड बसकं असतं. महिनाभर चित्रावरून कोरत होते, समोर ठेवायचं सुचलं नाही.

१४ जानेवारी

काल, भोगीला, दुपारी संमती कट्ट्यावर सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता. सातही नंदीध्वज डोलत येताना गच्चीवरून पाहिले, सगळीकडे पांढऱ्या बाराबंद्या. 'हर्र बोला हर्र' घरापर्यंत ऐकू येत होतं. सासूबाई हात जोडून म्हणाल्या, "बघ, हा काय टॅगवर घालायचा असतो?"

संध्याकाळी पहिलं हळदीकुंकू. स्टीलची वाटी, त्यात तिळगूळ, वर जकार्डचा टॅग. चाळीसपैकी अडतीस गेले.

रथसप्तमी

आज शेवटचं हळदीकुंकू, मागच्या गल्लीत, माझी फारशी ओळख नसलेलं घर. वाण म्हणून कंगव्याचं पाकीट हातात आलं. त्याला माझाच टॅग. तपकिरी पुठ्ठा, सडपातळ सुगड, खाली भोकांची किनार, कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीचा ७३. सुगडाच्या अंगावर हळदीच्या बोटाचा ठसा. दोरा मात्र बदललेला, सोनेरी.

घरी आल्यावर आप्पांना दिला. त्यांनी चष्मा वर सरकवला, टॅग दिव्यासमोर धरला आणि नखाने भोकं मोजत गेले. दोनदा मोजली.

"किनारीचं आहे," म्हणाले. "इथं एक जास्त पडलंय बघ."